नांव, तिथि आणि आरोग्याचा दाखला

परगांवीं निघालेल्या माणसाच्या हातावर दहीं घालावें, देवापुढें नारळ ठेवावा, आणि मग त्यानें उंबरा ओलांडावा, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. शिदोरी, औषधाची पुडी आणि वडील माणसांचा आशीर्वाद एवढें बरोबर असलें म्हणजे प्रवासाची तयारी झाली, असें आमच्या लहानपणीं मानीत. करोनाच्या साथींत या सामानांत आणखी एका वस्तूची भर पडली. आणि ती वस्तु अशी कीं, बाकीचें सर्व घरीं राहिलें तरी चालेल, परंतु ती राहिली तर विमानतळावरूनच परत फिरावें लागेल. ही वस्तु म्हणजे आरोग्याचा दाखला. ती साथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं जागतिक आणीबाणी संपल्याचेंहि जाहीर केलें. तथापि त्या दाखल्यानें आमच्या घरास जो धडा दिला तो अद्याप जुना झालेला नाहीं. ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत अशा कुटुंबांपुढें तो ठेवावा, म्हणून हा लेख.

गोष्ट सप्टेंबर २०२१ मधील. आम्ही नगरचे; म्हणजे ज्या शहरास २०२४ पासून सरकारी दप्तरीं अहिल्यानगर म्हणतात तेथले. थोरले बंधु, वहिनी, पुतण्याचें कुटुंब आणि आम्ही उभयतां असे एका वाड्यांत, एका चुलीवर राहतों. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतात. सूनबाईंचें पहिलें बाळंतपण नोव्हेंबरांत यावयाचें होतें. विहीणबाईंची प्रकृति बरी नसल्यामुळें त्यांचें जाणें शक्य नव्हतें. तेव्हां सौभाग्यवतीनें जावें, आणि अशा दिवसांत तिला एकटीला कसें पाठवावें म्हणून मीहि जावें, असें ठरलें. आम्ही दोघांनींहि मार्चमध्यें कोव्हिशील्ड लशीची पहिली मात्रा व मेच्या आरंभीं दुसरी मात्रा घेतली होती. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार झालेली. म्हणजे नगराहून तीन तासांच्या वाटेवरची. त्यामुळें आतां अडचण ती कसली, असा माझा भोळा समज होता.

अडचण निघाली ती अशी. ब्रिटिश सरकारनें १७ सप्टेंबर रोजीं प्रवासाचे नवे नियम जाहीर केले. ते ४ ऑक्टोबरपासून अंमलांत यावयाचे होते. त्यांत कोव्हिशील्डचें नांव प्रथम नव्हतें. बराच गवगवा झाल्यावर २२ सप्टेंबर रोजीं लशीचें नांव यादींत आलें. परंतु ज्या देशांचे दाखले मान्य, त्या यादींत हिंदुस्थान नव्हता. लस मान्य, पण लस घेतल्याचा कागद अमान्य! याचा परिणाम असा कीं, दोन्ही मात्रा घेतलेल्या आमच्यासारख्यांसहि, लस मुळींच न घेतलेल्यांप्रमाणें, निघण्यापूर्वीं एक आणि पोंचल्यावर दोन अशा तपासण्या करून दहा दिवस एका जागीं अलग राहणें भाग होतें. आपल्या सरकारनेंहि ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर तसेच निर्बंध घातले. अखेर उभयपक्षीं बोलणीं होऊन ११ ऑक्टोबरपासून कोव्हिशील्डच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या हिंदी प्रवाशांवरील ही अट उठली, आणि दोन दिवसांनीं आपल्या सरकारनेंहि आपली अट मागें घेतली. ज्यांनीं कोव्हॅक्सिन घेतली होती त्यांस याहून अधिक थांबावें लागलें. कारण जागतिक आरोग्य संघटनेनें त्या लशीस मान्यता दिली ती ३ नोव्हेंबर २०२१ रोजीं.

हीं वृत्तें वाचून आमचे बंधु फार संतापले. त्यांचें वय त्या वेळीं पंचाहत्तरीच्या घरांत, हृदयाचा विकार, बाहेर जाणें बंद. दिवसभर वर्तमानपत्र हाच विरंगुळा. ते म्हणाले, "अरे, आपल्या पुण्याची लस जगभर जाते, आणि आपल्याच कागदावर यांचा विश्वास नाहीं? हा अपमान आहे. मी तुझ्या जागीं असतों तर गेलोंच नसतों." त्यांच्या बोलण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. एकाच जातीच्या लशीस एका देशांत मान आणि दुसऱ्या देशांत संशय, हा न्याय नव्हे. परंतु दाखला मागणें हाच मुळीं अपमान आहे काय, याचा मीं पुष्कळ विचार केला, आणि मला तसें वाटलें नाहीं.

प्रवाशास रोगाच्या भीतीनें अडविण्याची चाल फार जुनी आहे. १३७७ मध्यें आद्रियातिक समुद्रावरील रागूझा नगरानें, ज्यास आज दुब्रोव्हनिक म्हणतात, साथीच्या मुलखांतून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढें हे दिवस चाळीस झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दापासून 'क्वारंटाईन' हा शब्द निघाला. आपल्याकडची आठवण याहून जवळची आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हीगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. आणि विशेष हें कीं, मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें करोनासाठीं जो कायदा लागू केला तो हाच. त्या काळीं आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंची तपासणी होई, आणि त्या वर्षीं मुंबईहून हाजयात्रेस जाणें बंद करण्यांत आलें. पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरून जी झडती घेतली, तिचा शेवट २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांवर झालेल्या गोळीबारांत झाला, हें मराठी मुलास सांगावयास नको.

परंतु त्याच वर्षांतील दुसरी एक गोष्ट आपण सहसा आठवीत नाहीं. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली. पुढें ज्यांनीं ती लस घेतली त्यांस तसा दाखला मिळूं लागला, आणि दाखला जवळ असणाऱ्यास कांहीं निर्बंधांतून सूट मिळूं लागली. या दोन प्रकारांतील भेद मला महत्त्वाचा वाटतो. झडती घेणारा शिपाई आपल्या घरांत बळानें शिरतो; दाखला हा आपण होऊन दुसऱ्याच्या घराच्या उंबऱ्यावर ठेवावयाचा असतो. पहिल्यांत आपली अप्रतिष्ठा आहे. दुसऱ्यांत "माझ्यापासून तुमच्या मुलाबाळांस धोका नाहीं" असें दिलेलें वचन आहे.

आणि वचन म्हटलें कीं तें कोणी दिलें, केव्हां दिलें, हें स्पष्ट असलें पाहिजे. आमची खरी फजिती झाली ती येथेंच, आणि तिचा दोष ना ब्रिटिश सरकारकडे, ना आपल्या.

ब्रिटनचा जो एक आक्षेप त्या वेळीं वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाला तो जन्मतारखेविषयीं होता. आपल्या कोविन दाखल्यावर लस घेणाऱ्याचें वय छापलेलें असे. पूर्ण जन्मतारीख नसे. पासपोर्टवर मात्र दिवस, महिना, वर्ष असें सर्व असतें. दाखल्यावरचा मनुष्य आणि पासपोर्टवरचा मनुष्य एकच, हें परक्यानें ताडावें कसें? म्हणून परदेशीं जाणाऱ्यांच्या दाखल्यावर पूर्ण जन्मतारीख घालण्याची सोय कोविनवर करण्यांत आली. दाखल्यास पासपोर्टचा क्रमांक जोडण्याची सोय जून २०२१ पासूनच झाली होती. नांवांत चूक असल्यास ती दुरुस्त करतां येई, पण एकदांच.

पुतण्या संगणकापुढें बसला आणि त्यानें मजपुढें दोन कागद ठेवले. "काका, काकूंचें नांव दोन ठिकाणीं दोन आहे." पाहतों तों खरेंच. लस घेतली होती आधार-पत्रावरील नांवानें. तें शिधापत्रिकेवरून घेतलेलें, म्हणजे सासरचें. पासपोर्ट काढला तेव्हां शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता. म्हणून त्यावर माहेरचें नांव आणि आमचें आडनांव. एक नांव नदीचें, दुसरें देवीचें. घरांतील प्रत्येकास ठाऊक कीं दोन्ही एकाच बाईचीं. परंतु लंडनच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनें त्या दोन स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकीं जी विमानांत बसणार होती तिनें लस घेतल्याचा कांहींच पुरावा नव्हता.

हा घोळ कोणीं केला? मीं केला. लग्नांत तांदळाच्या ताटांत अंगठीनें नवें नांव लिहितात. तें मीं मोठ्या हौसेनें लिहिलें होतें. त्या वेळीं सासरच्या वडील मंडळींस जुनें नांव मोडून टाकल्याचें भान नव्हतें, आणि मला तर नव्हतेंच. सौभाग्यवती शांतपणें म्हणाली, "अहो, मग आतां दाखल्यावर माझें पहिलें नांव घालायचें ना? चाळीस वर्षांनीं कुणीतरी त्या नांवानें हाक मारील." पुतण्यानें दुरुस्तीचा अर्ज केला. तो मंजूर होऊन येईपर्यंत पांच दिवस गेले, आणि त्या पांच दिवसांत आमच्या घरांत कोणास धड झोंप लागली नाहीं. कारण दुरुस्तीची संधि एकच होती, आणि तिकडे सूनबाईंचे दिवस भरत आले होते.

माझ्या स्वतःच्या कागदांत घोळ होता तो तारखेचा. माझ्या आधार-पत्रावर केवळ जन्माचें वर्ष होतें. पत्रिकेप्रमाणें माझा जन्म भाद्रपदांतला. पासपोर्टवर मात्र १ जून, कारण शाळेंत तसें लिहिलेलें. महाराष्ट्रांत माझ्या पिढीचीं किती माणसें १ जूनला जन्मलीं याची गणती नाहीं. शाळा जूनमध्यें उघडे. मुलाचें वय सहा पूर्ण झालेलें हवें. बाप म्हणे, "पूर आला त्या साली झाला". आणि मास्तर लेखणी उचलून १ जून लिहून मोकळे होत. मीं स्वतः जिल्ह्यांतील शाळांत अनेक वर्षें काम केलें आहे, आणि आरंभीच्या वर्षांत मींहि तसें लिहिलें आहे. मी दाखल्यांत १ जूनच घातली. पासपोर्टशीं जुळणें महत्त्वाचें होतें. भाद्रपद पत्रिकेंत राहिला.

याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. आखाती देशांत गवंडीकामास जाणारा. त्याच्या पासपोर्टवर शाळेच्या दाखल्यावरची १ जून. आधार-पत्रावर त्याच्या आईनें सांगितलेली खरी तारीख. लशीचा दाखला आधारप्रमाणें. दोन तारखांचा मेळ बसेना. शाळेच्या नोंदवहींतील ती नोंद माझ्या हातची होती. त्यानें मला बोल लावला नाहीं; "गुरुजी, त्या वेळीं कोणास ठाऊक होतें?" एवढेंच म्हणाला. दुरुस्ती होईपर्यंत त्याचें विमान गेलें. नोकरी सुदैवानें टिकली. पण तिकिटाचे पैसे बुडाले, आणि ते त्याच्यासाठीं थोडे नव्हते. एका मास्तराच्या आळसाची किंमत तीस वर्षांनीं कोण भरतो, हें मला त्या दिवशीं कळलें.

आम्ही ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यांत मुंबईहून निघालों. लशीचा दाखला, पोंचल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाच्या तपासणीची आगाऊ नोंद, आणि पोंचण्यापूर्वीं ४८ तासांच्या आंत भरावयाचें प्रवासी-माहितीपत्रक हे सर्व कागद चिरंजीवानें पाठविले होते. मीं त्यांच्या दोन दोन छापील प्रति पिशवींत ठेवल्या. विमानतळावर खिडकीवरील बाईंनीं कागद पाहून नांव पुकारलें. सौभाग्यवती आपली स्वस्थ उभी. मीं कोपरानें खुणावलें तेव्हां ती दचकून पुढें झाली, आणि मग हंसली. नोव्हेंबरांत नात झाली, आणि आजी त्या वेळीं तेथें होती.

परतण्याची वेळ आली जानेवारी २०२२ मध्यें. तोंपर्यंत ओमिक्रॉन आला होता आणि आपल्या सरकारचे नियम कडक झाले होते. निघण्यापूर्वीं ७२ तासांच्या आंत केलेली आर्‌टीपीसीआर तपासणी. मागील चौदा दिवसांचा प्रवास सांगणारें 'एअर सुविधा' या सरकारी संकेतस्थळावरील निवेदन. उतरल्यावर पुन्हां तपासणी. नंतर सात दिवस घरांत अलग राहणें आणि आठव्या दिवशीं आणखी एक तपासणी. येथें तासांचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. हे तास अहवाल हातीं आल्यापासून नव्हे, तर नमुना घेतल्यापासून मोजावयाचे होते. आणि कांहीं देश ते विमान सुटण्याच्या वेळेपर्यंत मोजीत, तर कांहीं आपल्या भूमीवर उतरण्याच्या वेळेपर्यंत. फार लौकर तपासणी केली तर मुदत टळते. फार उशिरां केली तर अहवाल येत नाहीं. आमचें विमान शनिवारीं रात्रीं. नमुना गुरुवारीं सकाळीं दिला. अहवाल शुक्रवारीं दुपारीं आला. मीं तो पासपोर्टशेजारीं ठेवून अक्षर अक्षर वाचला, आणि पाहतों तों सौभाग्यवतीचें नांव पुन्हां सासरचें! नोंद चिरंजीवानें केली होती. त्यास आईचें तेंच नांव ठाऊक. वेळ हातीं होता म्हणून सायंकाळपर्यंत दुरुस्त अहवाल मिळाला. तो न वाचतां पिशवींत टाकला असता, तर शनिवारीं काय झालें असतें याची कल्पनाच करवत नाहीं.

घरीं आलों तो माडीवरच्या खोलींत. वहिनी ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून खालीं जात, मग आम्ही दार उघडावें. आपल्या लोकांस सुतकाचे दहा दिवस अंगवळणीं पडलेले; त्यामुळें शिवाशीव न करतां राहणें कोणास अवघड गेलें नाहीं. समुद्र ओलांडून आलेल्यास पूर्वीं प्रायश्चित्त घ्यावें लागे, हेंहि कोणी विनोदानें बोललें. बंधु रोज सायंकाळीं जिन्याखालीं खुर्ची टाकून बसत, आणि नातीविषयीं ओरडून ओरडून विचारीत. आठव्या दिवशींची तपासणी झाली, अहवाल आला, दोघांसहि रोग नव्हता. पुतण्यानें तो छापून बंधूंच्या हातीं दिला. त्यांनीं चष्मा लावून आमचीं नांवें, तारीख, वेळ सर्व वाचलें, आणि बराच वेळ कागद हातांत धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे हा कागद माझ्यासाठींच होता तर." त्यांचें वय आणि हृदयाचा विकार लक्षांत घेतां, तो खरोखरच त्यांच्यासाठीं होता. इंग्लंडांत जो दाखला आम्हीं दाखविला तोहि तेथल्या कोणा अशाच वृद्ध बंधूसाठीं होता. यावर त्यांनीं पुन्हां अपमानाचा शब्द काढला नाहीं.

आज या दाखल्यांपैकीं बहुतेक राहिलेले नाहींत. लस घेतलेल्यांस आपल्याकडील सात दिवसांची अट १४ फेब्रुवारी २०२२ पासून उठली. 'एअर सुविधा' नोव्हेंबर २०२२ मध्यें बंद झाली, पुढें पूर्वेकडील कांहीं देशांपुरती पुन्हां सुरू होऊन फेब्रुवारी २०२३ मध्यें संपली. तथापि आरोग्याचा दाखला ही संस्था संपलेली नाहीं. विमानप्रवासासाठीं आरोग्यविषयक पहिला आंतरराष्ट्रीय करार १९३३ मध्यें हेग येथें झाला. १९५१ च्या नियमांनीं देवी, पटकी व पीतज्वर या रोगांच्या लशींचे दाखले जगभर एका नमुन्याचे केले. देवीचा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें मे १९८० मध्यें जाहीर झालें, तेव्हां तो दाखलाहि गेला. पीतज्वराचा दाखला मात्र आजहि आहे. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेंतील त्या रोगाच्या मुलखांत जाऊन परतणाऱ्यानें लस घेतलेली नसल्यास आपलें सरकार त्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवूं शकतें. कारण असें कीं, पीतज्वर पसरविणारा डास, जो डेंग्यूहि पसरवितो, आपल्याकडे पुष्कळ आहे; रोग मात्र अद्याप आलेला नाहीं, आणि तो येऊं द्यावयाचा नाहीं. ही लस निघण्यापूर्वीं निदान दहा दिवस घ्यावी लागते. कारण दाखला दहाव्या दिवसापासूनच लागू होतो. जुलै २०१६ पासून एकदां घेतलेला हा दाखला जन्मभर चालतो.

यापुढील दाखले कागदाऐवजीं संगणकीय रूपांतहि निघूं शकतील, अशी तरतूद जागतिक आरोग्य नियमांत १ जून २०२४ रोजीं संमत झाली व सप्टेंबर २०२५ पासून ती अंमलांत आली आहे. १ जून ही तारीख पाहून मला हंसूं आलें. परंतु रूप कोणतेंहि असो, यंत्र दोन नांवांस आणि दोन तारखांस एक मानणार नाहीं. घरचीं माणसें जेवढें समजून घेतात तेवढें तें समजून घेणार नाहीं.

म्हणून वाचकांस, आणि विशेषतः घरांतील कर्त्या पुरुषांस, माझी विनंति आहे. एक दिवस काढावा आणि घरांतील प्रत्येकाचीं कागदपत्रें शेजारीं शेजारीं मांडून पाहावीं. पासपोर्ट, आधार, शाळेचा दाखला व विवाहाची नोंद यांवर नांव व जन्मतारीख अक्षरशः एक आहे कीं नाहीं, हें तपासावें. नसल्यास प्रवास ठरण्यापूर्वींच दुरुस्त करावें. लशीचा व तपासणीचा प्रत्येक दाखला हातीं येतांच पासपोर्टशीं ताडावा. ज्या देशांत जावयाचें त्याचे, आणि वाटेंत जेथें विमान बदलावयाचें तेथलेहि, नियम त्या त्या सरकारच्या मूळ निवेदनांतून निघण्याच्या आठवड्यांत पुन्हां पाहावे. कारण आमच्या बाबतींत ते एका महिन्यांत तीनदां बदलले. छापील प्रत जवळ ठेवावी. आणि ज्यांच्या हातीं नोंदवही आहे अशा माझ्या व्यवसायबंधूंनीं ठाऊक नसलेली तारीख अंदाजानें लिहूं नये.

आमच्या नातीची जन्मनोंद झाली तेव्हां आजोबा या नात्यानें मीं एवढेंच लिहून कळविलें कीं, नांव ठेवाल तें विचार करून ठेवा, तिच्या सर्व कागदांवर तें एकाच रीतीनें लिहा, आणि लग्नांत तें कोणास बदलूं देऊं नका. सौभाग्यवतीनें त्या पत्राखालीं आपली सही केली. ती माहेरच्या नांवानें केली.